कारलं पिळू नकोस

३ फेब्रुवारी

इतकी वर्षं ही वही नवऱ्यासाठी, क्लेटोसाठी होती. तो जहाजावर असायचा, फोन कधी लागायचा, कधी नाही, आणि लागला की मला नेमकं काही आठवायचं नाही. म्हणून लिहून ठेवायचे. छपराचा पत्रा उडाला. आमच्या लेकीला, मायलीनला नोकरी लागली. शेजारच्या नांग पुरिंगची (वयानं मोठी, म्हणून नांग) डुकरीण व्यायली. फोन आला की वही उघडून वाचून दाखवायची.

आता तो कायमचा घरी आलाय. काय सांगायचं ते समोर बसून सांगता येतं. तरी वही बंद करवत नाही. समोर बसलेल्या माणसाला सांगता येत नाही असंही बरंच काही असतं, हे मला या तीन आठवड्यांत कळलं.

म्हणजे हेच, की त्याला माझ्या हातचं आवडेनासं झालंय.

पूर्वी सुट्टीवर यायचा तेव्हा फाटकातूनच ओरडायचा, "साल्विंग, कोंबडीत गवती चहा घातलास ना?" हातातली बॅग ठेवायच्या आधी पातेल्यांची झाकणं उचलून बघायचा. जगभरच्या बंदरांत जेवलेला माणूस, जहाजावरचा मुख्य स्वयंपाकी, आणि माझ्या स्वयंपाकघरात चोरासारखा बोटं बुडवत फिरायचा. मी हातावर चापट मारायची, तीसुद्धा हळूच. मला ते आवडायचं.

आता झाकण उचलत नाही. ताटावर बसतो, पहिला घास घेतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. ताटाकडे नाही, माझ्याकडे. मी गिळलं की मग म्हणतो, "छान झालंय." दाद आली खरी, पण उशिरा. शिळ्या पावासारखी.

६ फेब्रुवारी

आज परत कारलं. आल्यापासून रोज कारलंच मागतोय. अंड्यात कारलं, कोळंबीत कारलं, बीफमध्ये कारलं. आणि वर सांगतो कसं करायचं ते!

"पिळू नकोस," म्हणाला.

कारलं चिरून, मीठ चोळून, पिळून, धुऊन घेतल्याशिवाय कढईत टाकायचं नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं. क्लेटोच्या आईनंही तेच शिकवलं, फक्त जास्त ओरडून.

"अरे, पिळलं नाही तर कडूजहर लागेल."

"राहू दे कडू. मला हवंय."

आमच्या भागात दुसऱ्याचं सुख ज्याला बघवत नाही, जो सतत धुसफुसत असतो, त्याला कारलं म्हणतात. कुंपणापलीकडून नांग पुरिंगनं ऐकलंच. "नवरा रोज कारलं मागतोय म्हणजे सूचना समज, साल्विंग. तोंडानं बोलता येत नाही म्हणून ताटातून बोलतोय."

मी हसले, पण ते मनात राहिलं. कारली चिरून ठेवली, तो बाहेर गेला, आणि मी मीठ चोळून पिळलंच. हिरवं पाणी मोरीत सोडलं. न पिळता कारलं का कुणी माणसाला घालतं? त्याला कळलंसुद्धा नाही. जेवला आणि म्हणाला, "छान झालंय." आता रोज असंच करणार. हट्टी माणसाशी वाद घालू नये, मागून आपलं करून घ्यावं.

९ फेब्रुवारी

मायलीन बरेच दिवस बापाच्या मागे लागली होती, तातय, तुमच्या हातचं खायचंय. आज रविवार, रोमेलही आला होता. (पोरगा चांगला आहे. फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटांच्या कचेरीत आहे. लग्नाचं ठरल्यासारखंच आहे, रीतसर मागणी तेवढी व्हायची.) क्लेटो नको नको म्हणत होता, शेवटी उठला.

मी बाजूला स्टुलावर बसून बघत होते. काय हात आहे त्याचा! बीफ अर्धवट गोठलेलं घेतलं, रेषेच्या आडवं, कागदासारखं पातळ कापलं. त्याला सोया सॉस, आमचं छोटं कालामान्सी लिंबू, मिरपूड, चिमूटभर कॉर्नफ्लोअर. कढई धुरावल्याशिवाय मांस टाकलं नाही, आणि टाकल्यावर हलवलं नाही. मी असते तर दहादा ढवळलं असतं. तो नुसता कान देऊन उभा. चर्र आवाज बदलला तसं झटक्यात परतून काढून ठेवलं. मग लसूण, कांदा, आलं, मग कारल्याच्या चंद्रकोरी, मग ऑयस्टर सॉस, आणि शेवटी परत मांस. शेवटी सोयाची बाटली घेतली आणि ओतली. ओततच राहिला.

इतकं खारट की जीभ आत वळली. वर कारलं तसंच, न पिळलेलं. रोमेलनं बिचाऱ्यानं भात वाढून घेत घेत संपवलं. "कसं झालंय?" क्लेटोनं विचारलं, तेव्हा सगळे एका सुरात, "छान!"

त्यानं एकेकाच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग चमचा ठेवला. "खारट झालंय ना?"

"थोडंसं, तातय," मायलीन म्हणाली.

त्याचं स्वतःचं अर्धं ताट तोवर संपलं होतं. अर्धं ताट खाऊन मग आम्हाला विचारतो, खारट झालंय ना! स्वतःच्या तोंडाला लागत नाही का? एवढा ताठा. चुकलं हे स्वतः म्हणणार नाही, दुसऱ्यांच्या तोंडून वदवून घेणार.

१६ फेब्रुवारी

चर्चमधून, मिस्साहून आल्यावर अंगणात त्याचे केस कापले. डोक्याच्या मागं बोटभर लांब व्रण. टाके घातल्याच्या खुणा, त्याही वेड्यावाकड्या.

"हे काय?"

"आपटलं."

"कुठे?"

"जहाजावर. समुद्र खवळला होता."

"कधी?"

"झाले सात-आठ महिने."

सात-आठ महिने! फोनवर एकदा सांगू नये? मी त्याला डुकरिणीची पिल्लंसुद्धा वाचून दाखवत होते.

२० फेब्रुवारी

आज भात जळला. मी नांग पुरिंगकडे गेले होते, तिच्या ओसरीपर्यंत करपल्याचा वास आला. धावत आले तर क्लेटो चुलीपासून हातभर अंतरावर बसून पंखा दुरुस्त करतोय. पातेल्यातून धूर निघायला लागलेला, आणि हा स्क्रू आवळतोय.

"अरे, लक्ष कुठे आहे?"

दचकून उठला. पातेल्याकडे असं बघत राहिला जसं काही ते त्याला फसवून जळलं.

नांग पुरिंग मागोमाग आलीच होती. जाताना फाटकात माझा हात धरून म्हणाली, "चुलीशी बसून ज्याला भात करपलेला कळत नाही, त्याचं मन दुसरीच्या चुलीशी असतं, बाई. तीस वर्षं बंदरं फिरलेला माणूस तो."

मी तिला म्हटलं, तुझं तोंड आधी राखेनं घास. पण तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन बघितला. बघायला नको होता. बाई नाही, बंदर नाही, काही नाही. नुसत्या ताटल्या. जहाजावर त्यानं केलेल्या पदार्थांचे फोटो, किती तरी. मासे, पाव, लाल रस्से. शेवटचा फोटो गेल्या वर्षीच्या जूनमधला. त्यानंतर एकही नाही.

बाई सापडली असती तर निदान भांडता आलं असतं.

२४ फेब्रुवारी

निरोप आला. रोमेलचे आईवडील ९ मार्चला मागणी घालायला येणार. मायलीनच्या पायाला चाकं लागलीत. तिनं सासूला आधीच सांगून ठेवलंय की आमचे तातय असं बीफ-कारलं करतात की परदेशी कप्तान ताटली चाटायचे. नांग एस्तरनं, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंनी, निरोपच धाडलाय: आम्हाला दुसरं काही नको, तेच हवं.

"लग्नाच्या बोलणीत कारलं?" नांग पुरिंग म्हणाली. "लोक तोंड गोड करतात!"

क्लेटो मात्र एकदम पांढरा पडला. "हॉटेलातून मागवू," म्हणाला.

"हॉटेलातून? मुख्य स्वयंपाक्याच्या घरी?"

"मग तू कर."

"त्यांना तुझ्या हातचं हवंय."

"माझ्या हातचं नाही होणार, साल्विंग."

मग माझा तोल गेला. म्हटलं, परक्या कप्तानांना घालायला हात चालत होते, पोटच्या पोरीच्या सासरच्यांना घालायला नाही चालत? तीस वर्षं मी एकटीनं हे घर ओढलं, तू नुसते पैसे धाडलेस आणि वर्षाकाठी दोन महिने पाहुण्यासारखा जेवून गेलास. आता एक दिवस मागतेय.

तो उठला. चपला घालून बंधाऱ्यावर गेला. अंधार पडल्यावर आला. ताट झाकून ठेवलं होतं ते खाल्लं. त्यात मी कारलं केलं नव्हतं. मुद्दामच.

२८ फेब्रुवारी

आज जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कचेरीतून फोन आला होता. मीच उचलला. मुलगी दादा म्हणावं तसं नोंग लावून गोड आवाजात म्हणाली, नोंग क्लेटोंना विचारा ना, एप्रिलमध्ये मोठं जहाज आहे, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवलीय.

म्हणजे काढून टाकलेला नाही! मला इतके दिवस वाटत होतं, काहीतरी भांडण करून आला असेल. फोन त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "माझं नाव यादीतून काढून टाका. नाही, थोड्या दिवसांसाठी नाही. कायमचं."

जहाज नको. घरचं जेवण नको. मग या माणसाला हवंय तरी काय?

२ मार्च

काल दिवसभर वीज नव्हती. बीफच्या नळ्यांचं सूप केलं होतं ते फ्रिजमध्येच आंबलं. झाकण उचललं की नाक धरायला लागावं असं. आज सकाळी ते पातेलं मागच्या पायरीवर काढून ठेवलं, नांग पुरिंगच्या डुकरांसाठी, आणि मी मिस्साला गेले. क्लेटो घरीच होता.

परत आले तर हा टेबलाशी बसलेला. पातेलं चुलीवर, रिकामं. समोर वाडगा, त्याच्या तळाशी उरलेलं सूप, आणि कारल्याचे दोन काप. मी दारात तशीच उभी.

"तू ते... ते खाल्लंस?"

"हो. भूक लागली होती. छान झालं होतं, लांगा."

लांगा म्हणाला. लाडात आला की मला लांगा म्हणतो. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मला खिजवतोस? डुकरांना ठेवलेलं खातोस आणि छान म्हणतोस? माझ्या हातचं आणि हे तुला सारखंच? एवढा राग असेल तर तोंडावर सांग!

त्याच्या हातातला चमचा खाली पडला. "डुकरांना?" म्हणाला. मग उठला, पातेलं उचललं, आणि त्यात तोंड घातलं. अगदी आत, नाक तळाला लागेपर्यंत. जोरात श्वास घेतला. परत घेतला. खोलीभर तो आंबट घाण वास पसरलेला, मला दारात उभं राहून मळमळत होतं.

त्यानं तोंड वर काढलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. किळस नाही, काही नाही. मांजराच्या पिल्लासारखा नुसता माझ्याकडे बघत होता, मी आता काय करेन म्हणून.

तेव्हा मला भात आठवला. आणि झाकणं. आणि तो व्रण.

३ मार्च

काल दुपारपासून त्याला उलट्या आणि जुलाब. मी मीठ-साखरेचं पाणी पाजत बसले. आज सकाळी जरा उतार पडला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं.

जूनमध्ये वादळात जहाज कललं. तो हातात उकळतं पातेलं सांभाळत होता, ते वाचवायला गेला आणि मागच्या मागं पडला, डोकं भट्टीच्या कोपऱ्यावर. टाके जहाजावरच्याच एका अधिकाऱ्यानं घातले. दुसऱ्या दिवशी कॉफी प्यायला तर नुसतं गरम पाणी. वाटलं, येईल चव दोन दिवसांत. मग वाटलं, महिन्यात येईल. कुणाला बोलला नाही. हाताच्या सवयीवर रांधत राहिला, आणि जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून मीठ कळायला शिकला.

"मग एकदा मासे खराब होते," म्हणाला. "मला कळले नाहीत. पाच-सहा जण आडवे झाले. एकाला बंदरावर उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला. त्याच दिवशी कप्तानाला जाऊन सांगितलं, आणि पुढच्या बंदरात उतरलो."

"कप्तानाला सांगितलंस. मला नाही?"

त्यानं पांघरूण खांद्यावर ओढलं. मग म्हणाला, "कप्तानाच्या हातचं मी जेवत नव्हतो, साल्विंग."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग विचारलं, "आणि कारलं?"

"तेवढं एक लागतं. पार मागं, जिभेच्या टोकाला नाही, घशाशी. थोडंसंच. बाकी सगळं ओला कागद चावल्यासारखं. कारलं खाल्लं की वाटतं, काहीतरी जेवलो." आणि मग म्हणाला, "जहाजावर जास्त लागायचं. घरी आल्यापासून तेही कमी झालंय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि मोरीशी उभी राहून रडले. महिनाभर मी त्याच्या ताटातलं तेवढं एक, स्वतःच्या हातानं, याच मोरीत पिळून टाकत होते.

परत येऊन त्याला सांगितलं. तो वळला, माझ्याकडे बघितलं आणि पोट धरून हसायला लागला. "आईनं शिकवलं ना," म्हणाला. "दोघांच्याही!" हसता हसता परत उलटी झाली.

४ मार्च

इलोइलोला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. तरुण आहे, बोलायला बरा. नाकाकडून मेंदूकडे जाणारे धागे असतात, ते मारानं तुटतात म्हणाला. कधी आपोआप जुळतात, बहुतेक करून नाही. मार लागून बराच काळ गेलाय म्हणाला. "आशा सोडू नका, पण तिच्यावर बसूनही राहू नका." औषध दिलं नाही. घरातला गॅस तपासत जा, फ्रिजमधलं बायकोला विचारल्याशिवाय खाऊ नका, एवढं सांगितलं.

येताना बसमध्ये क्लेटो खिडकीशी बसला होता. गुळाच्या कारखान्यावरून बस गेली. गोड, जड वास आत शिरला, सगळी बस त्या वासानं भरली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानंच विचारलं, "कारखाना आला ना?"

"आला."

"वाटलंच. सगळे जण जरासे हसले."

६ मार्च

मायलीनला सांगितलं. आधी रडली, मग म्हणाली, "म्हणजे तातय, रोमेलच्या मोज्यांची तुम्हाला काहीच अडचण नाही." बापासारखीच आहे.

रविवारी स्वयंपाक तोच करणार. मीच हट्ट धरला. म्हटलं, हात तुझे आहेत, जीभ माझी घे. पाहुण्यांना काही सांगायचं नाही असं ठरलंय. तो म्हणतो, लग्न होऊन जाऊ दे. बिननाकाचा स्वयंपाकी म्हणून ओळख व्हायला नको.

आज सराव केला. सोपं नाही. पहिल्यांदा माझीच फजिती.

"मीठ?" त्यानं विचारलं.

"बरं आहे."

"बरं म्हणजे काय? कमी की जास्त?"

"कमी. थोडं."

"थोडं किती?"

"चिमूट."

"माझी चिमूट की तुझी?"

त्याची चिमूट म्हणजे जहाजाची चिमूट, माझ्या तीन चिमटींएवढी! मग मी मीठ घ्यायचं, तो ढवळणार. मी नुसतं "छान" म्हणाले तर चिडायचा. "छान ही चव नाहीये, साल्विंग. छान हे हवामान आहे." तीस वर्षं मी रांधतेय पण चवीला कधी शब्द लावला नव्हता. जिभेला कळायचं, हात करायचे, मध्ये बोलणं कधी आलंच नाही.

कारल्यावरून भांडण झालं. पाहुण्यांसाठी पिळायचं, असं मी. अर्धंच पिळायचं, असं तो. म्हणाला, सगळा कडूपणा काढला तर मांसाचा गोडवा कुणाच्या आधारावर उभा राहणार? चव नाही, पण हे त्याला ठाऊक आहे. शेवटी अर्धंच पिळलं. चाखलं. त्याचं बरोबर होतं. तसं सांगितलं तर इतका खुलला!

आणि टेबलाखालची खूणही ठरवली. माझा पाय त्याच्या पायावर एकदा दाबला तर चांगलं, दोनदा दाबला तर काहीतरी जास्त, म्हणजे त्यानं आपलं सावरून बोलायचं.

९ मार्च

आज झालं एकदाचं. दमलेय, पण झोपण्याआधी लिहायचंच.

आले चौघं. रोमेल, त्याची धाकटी बहीण, वडील नोंग अर्सेन (उंच, वाळलेला, शब्दाला महाग माणूस), आणि नांग एस्तर. त्या गोलमटोल, घामाघूम, आणि हातात मोठं झाकलेलं पातेलं. तुरीचे दाणे, कच्चा फणस आणि डुकराचं मांस घालून केलेलं आंबट कालवण. आमच्याकडे प्रत्येक घरात होतं, आणि प्रत्येक बाईला वाटतं की खरं आपलंच.

बीफ-कारलं तर असं झालं होतं की सांगता सोय नाही. कढईशी तो कान देऊन, मी चमचा घेऊन. "आता?" "आता." मांस लोण्यासारखं, कारलं हिरवंगार, दाताखाली कुरकुरीत. नोंग अर्सेननं तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा नांग एस्तर म्हणाल्या, "घरी कारलं बघितलं की हे तोंड फिरवतात!"

आणि मग त्यांनी आपलं पातेलं पुढं ओढलं. क्लेटोच्या वाडग्यात कालवण वाढलं, आणि हात पुसत उभ्या राहिल्या. "नोंग क्लेटो, आता खरं खरं सांगायचं. आमच्या ह्यांना लग्नापासून विचारतेय कसं झालंय, 'हं'च्या पुढे गाडी जात नाही. आज म्हटलं जाणकाराच्या तोंडून ऐकू."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी पटकन माझ्या वाडग्यातलं तोंडात टाकलं. आंबट. फारच आंबट. भीतीनं हात सुटला असणार बिचारीचा. मी टेबलाखाली पाय सरकवला, दोनदा दाबायला.

त्यानं आपला पाय काढून घेतला.

"नांग एस्तर," म्हणाला, "मला सांगता येणार नाही. मला वास येत नाही. चवही नाही. डोक्याला मार लागला तेव्हापासून. तुम्ही एवढ्या कष्टानं केलेलं आणलंत, त्यावर खोटं बोलवत नाही."

मायलीननं रोमेलचा हात धरलेला मला दिसला. नांग एस्तरचं तोंड उघडं ते उघडंच.

"मग हे बीफ?" शेवटी त्या म्हणाल्या.

"हात माझे. चाखलं साल्विंगनं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग धपकन खुर्चीत बसल्या. "अहो देवा! पहाटे चारपासून मी चुलीशी धडपडतेय. जहाजावरचा स्वयंपाकी खाणार म्हणून दोनदा आंबट घातलं की काय तेही आठवत नाही. आणि परीक्षा घेणाऱ्याला..." आणि त्यांचा बांध फुटला. आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग उठून क्लेटोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "फार वाईट वाटलं हो." इतकं साधं म्हणाल्या की त्याला मान खाली घालावी लागली.

तेवढ्यात नोंग अर्सेन वाडग्यात बघत म्हणाले, "कालवण आज जरा आंबट झालंय."

"तुम्हाला विचारलंय कुणी?" नांग एस्तर ओरडल्या. "इतकी वर्षं मुके होतात ते आजच वाचा फुटली?"

मग कोण कोणाला आवरणार! रोमेलची बहीण तर हसून खुर्चीवरून घसरली. मागणीचं बोलणं झालं ते त्या गडबडीतच. लग्न ऑक्टोबरमध्ये. जाताना नांग एस्तरनं उरलेलं बीफ डब्यात भरून मागून घेतलं, आणि फाटकापाशी माझ्या कानात म्हणाल्या, "असं दोघांनी मिळून रांधायचं आमच्या ह्यांना कधी सुचायचं?"

सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, "पाय का काढलास?"

"जेवणाऱ्यांची तोंडं वाचून वाचून दमलो गं," म्हणाला. "आज ती बाई माझं तोंड वाचत होती."

१५ मार्च

क्लेटो आता एकटा बाजारात जातो. मासळीवालीला सरळ सांगतो, बाई, मला वास येत नाही, ताजा बघून तूच दे. आणि ती देते. नांग पुरिंगला तर सगळ्या गावाच्या आधी कळलं म्हणून कोण आनंद. काल कुंपणावरून ओरडून विचारत होती, "क्लेटो, माझी डुकरं धुवायला येतोस का रे? तुझ्यासारखा माणूस मिळायचा नाही!" त्यानं येतो म्हणून सांगितलं.

२० मार्च

आज त्यानं दुपारी बीफ-कारलं केलं. आमच्या दोघांपुरतं, म्हणून कारलं मुळीच पिळलं नव्हतं. मांस आणि मीठ मी चाखून दिलं. जेवायला बसलो. चार-पाच घास झाल्यावर तो म्हणाला, "या वेळची कारली कोवळी निघाली. कडूच नाहीत."

मी घास घेतला. कडूजहर. डोळ्यांत पाणी येईल इतकं. नेहमीच्याच बाईची कारली, नेहमीसारखीच जून.

त्याच्याकडे बघितलं. तो चावत होता, कपाळाला आठी घालून, आत कुठेतरी काही शोधत असल्यासारखा. हो म्हणणं किती सोपं होतं. हो रे, कोवळीच आहेत, एवढंच.

"नाही," मी म्हटलं. "कडू आहेत. रोजच्याइतकीच."

त्यानं चावायचं थांबवलं. गिळलं. चमचा ताटाच्या कडेला ठेवला. बाहेर रस्त्यावरून पाववाला हॉर्न वाजवत गेला.

मग म्हणाला, "सांग तर मग."

"काय?"

"कसं आहे ते. छान म्हणू नकोस. नीट सांग."

मी परत एक घास घेतला. डोळे मिटले, म्हणजे नीट कळेल. म्हटलं, "आधी कडू लागतच नाही. आधी सोयाचं खारट, आणि मांसाचा तो गोडसर रस. लसूण जराशी करपलीय, कडेची. मग कारलं दाताखाली येतं, तेही आधी नुसतं पाण्यासारखं, थंड. वाटतं, हे काही एवढं कडू नाही. आणि मग गिळायला जावं तर मागून येतं, हळूच, दोन्ही बाजूंनी..."

"थांब," तो म्हणाला.

डोळे उघडले तर त्यानं चमचा उचलला होता. त्यात भात, मांस, कारलं, सगळं नीट बसवलं आणि तोंडात घातलं.

"हं," म्हणाला. "आता परत सांग. पहिल्यापासून, आणि सावकाश."